धुण्याचा दगड गाळलेला सिनेमा

खुर्ची ओढ आणि जवळ ये वं. तू पुण्यात आहेस हे मला माहीत आहे, पण लिहायला बसले की तू चप्पल न काढता दाराशीच उभी आहेस असं वाटतं. पाहुण्यासारखं करू नको. मावशी आहे मी तुझी, आणि आज थोडं बोलणार आहे. माझं पुस्तक छापायचं तर संमतीपत्रावर सही पाहिजे, म्हणून तू तीनदा फोन केलास आणि तीनदा मी भाजी जळते म्हणून ठेवून दिला. भाजी जळत नव्हती. सही केलेली नाही. काहून नाही ते सांगायचं तर त्या सिनेमापासून सुरुवात करावी लागेल.

जानेवारीत तू आलीस तेव्हा इथे चार दिवस बाहेरच्या देशांतले सिनेमे दाखवत होते. तू म्हणालीस, मावशी, तुझ्या फ्रेंच बाईवरचा आहे, चल. माझी बाई! खरंच माझी. महाल वस्तीतल्या वाचनालयात तिचं पुस्तक हाताला लागलं तेव्हा मी चाळिशीची होते. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं स्वतःच वाचून वाचून. फ्रान्स नकाशात दाखव म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. पण मराठीत आलेल्या त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण नुसतं धुण्याच्या दगडावर होतं. नदीकाठचा दगड, थंडीनं बधिर झालेली बोटं, आणि कुणाच्या चादरीवर कसला डाग आहे त्यावरून गावाला कळणाऱ्या घरोघरच्या गोष्टी. मी खाप्याची. कन्हानच्या काठावर आईच्या बाजूला बसून धुणं आपटत मोठी झाले. पुस्तक मिटलं आणि मनात आलं, एवढ्या मोठ्या बाईला हे लिहायची लाज वाटली नाही, तर मला काहून वाटावी? दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. अशा सहा झाल्या. तुला तर माहीतच आहे, तूच गेल्या दिवाळीत त्या टाइप करायला नेल्यास.

तर आपण गेलो. मी ठेवणीतलं पातळ नेसले, गाडीवर तुझ्या मागे बसले, जसं काही बाईच्या घरीच जेवायला बोलावलं आहे.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मला तेवढं इंग्रजी येत नाही. तू कानात मराठी सांगायला लागलीस तर पुढच्या रांगेतल्या मफलरवाल्यानं असं वळून पाहिलं की तू गप्प झालीस. मग मी काय करणार? बाईचे हात पाहत बसले.

काय हात होते, माय! लोण्याचे. ज्या बाईनं बर्फासारख्या पाण्यात चादरी पिळल्या तिचे हात असे असतात? दोन तास त्या हातांनी सिगारेट धरली, ग्लास धरला, एकामागून एक तीन पुरुषांचे गळे धरले, आणि उरलेल्या वेळात केस मागे सारले. इतक्या वेळा सारले की मला वाटलं बाईला उवा झाल्या.

लिहिताना एकदाच दाखवली. खिडकी सताड उघडी, पडदे फडफडून राहिले, आणि ही एका बैठकीत कादंबरी लिहून मोकळी. एक शब्द खोडला नाही. मग वाऱ्यानं कागद उडाले आणि ती हसत हसत त्यांच्या मागे धावली. हसत! माझा एक सुटा कागद पंख्यानं उडाला तर मी दिवसभर पंख्याला बोलते. म्हणून तर कागदावर खलबत्त्यातला बत्ता ठेवते. ज्यानं हा सिनेमा काढला त्यानं जन्मात कधी साधं वाणसामान तरी कागदावर लिहिलं आहे की नाही, देव जाणे.

आणि तो दगड? नाहीच. नदी होती. त्या नदीत ती दुसऱ्या नंबरच्या माणसाबरोबर पोहली.

नवऱ्याला सोडून जाते तेव्हा तिनं सहा बशा भिंतीवर फोडल्या. लोक श्वास रोखून बसले. मी विचार करत होते की या काचा आता झाडणार कोण. पुढच्याच दृश्यात फरशी लख्ख. बाईचा कोट मात्र सुंदर होता, खोटं कशाला बोलू. निळसर, मोठ्या गुंड्यांचा. कोटासाठी तिकीट वसूल झालं म्हण.

बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे तू डोळे पुसून राहिली होतीस. मला विचारलंस, "तुले रडू नाही आलं, मावशी?"

"तिनं एकदा तरी चादर पिळली काय वं?"

"धुणं पाहाले कोण तिकीट काढन, मावशी?"

तेव्हा मी हसले. तुझ्या पिशवीत माझ्या वह्यांची टाइप केलेली प्रत होती, तोवर मी ती पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुझी पुण्याची गाडी सुटल्यावर, तू ठेवून गेलेली ती प्रत घेऊन चष्मा लावून बसले. पहिलंच पान: "मी दार आपटलं आणि त्या घरातून निघाले." मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं आलं. मागेपुढे पाहिलं, तर माझंच. मौद्याला तुझ्या आईकडे मी अकरा दिवस जाऊन राहिले ती गोष्ट चौथ्या वहीतून उचलून तू सगळ्यात पुढे आणली होतीस. खाप्याची नदी गेली. आईचा दगड गेला. सासूबाईंचं लोणचं, वाचनालय, सगळं गेलं. उरलं काय, तर मी, तुझे मावसाजी आणि भांडण.

अगं, मी दार आपटलंच नाही. वहीत काय लिहिलं होतं ते तूच टाइप केलं असशील, मग पुसलं असशील. बादलीत धुणं पिळून पडलं होतं. तसंच टाकून गेले असते तर कुबट वास आला असता. म्हणून आधी सगळं दोरीवर वाळत घातलं, मावसाजींचे सदरेसुद्धा, आणि ते घालताना माझं पक्कं ठरलं. शेवटचा चिमटा लावला तेव्हा मी निघालेलीच होते. दार हळूच ओढलं, कारण सासूबाईंचा दुपारचा डोळा लागला होता. बारा ओळी होत्या त्या. त्यांत मी आहे. आपटलेल्या दारात मी नाही, ती सिनेमातली बाई आहे.

तू वाईट मनानं केलं नाहीस. माझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर लावता लावता तुझे डोळे गेले असतील. प्रकाशकच म्हणाले असतील की असंच खपतं. आणि मी बहात्तरची आहे. हे पुस्तक राहिलं तर दुसरं व्हायचं नाही, हेही मला कळतं. गेला महिनाभर रोज दुपारी पेन उघडते आणि पुन्हा टोपण लावते. आपलं नाव छापलेलं पाहावं असं मला वाटत नाही काय? फार वाटतं. वाचनालयातल्या त्या कपाटात, खालच्या फळीवर का होईना.

पण त्या फ्रेंच बाईला मेल्यावर तसं केलं, तिला काही म्हणता आलं नाही. मी अजून आहे, आणि बोलायला तर मी कधी कमी पडले नाही. दगड नसेल तर सही नाही. हे मी पक्कं सांगून राहिले.

आता हे फोनवर मिटायचं नाही, आणि टपालानं तर त्याहून नाही. दोन दिवसांची रजा काढ. मी सहाही वह्या तुला मोठ्यानं वाचून दाखवते. टाइप करताना माणूस अक्षरं पाहतो, ऐकत नाही. ज्या पानाला तुला जांभई येईल ते पान मी स्वतः काढून टाकीन, वाद घालणार नाही. पण ज्या पानाला तू जागी राहशील ते जसंच्या तसं छापायचं, मग त्यात भांडी असोत की धुणं. मग प्रकाशकांना काय कळवायचं ते आपण दोघी मिळून लिहू. येत्या शनिवारीच ये, पुढच्यावर ढकलू नको. डबा आणू नको, स्वयंपाक मी करते. तू फक्त ये वं.