ग्रहणाच्या दिवशीचं दूध

दूध नाकातून बाहेर आलं, तशा खोलीतल्या बायकांनी आपापली पोरं उचलली आणि लांब जाऊन बसल्या. त्या पोरीजवळ मी एकटीच राहिले. मला पगार त्याचाच होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यातलं पाळणाघर. बाया कामाला असतील तिथं त्यांच्या पोरांसाठी खोली ठेवायची, असा कायदा नवाच आला होता. मी खेडकडची, विधवा, चौथी पास. आया म्हणून लागले.

पोरीचं नाव तानी. तिची आई सुभद्रा बाटल्या धुण्याच्या खात्यात होती. तानीचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, आत टाळूलाही फट. अशा पोराला चोखता येत नाही. आडवं पाजलं तर दूध नाकात जातं, पोर गुदमरतं. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला रीत शिकवली. पोराला मांडीवर ताठ बसवायचं. बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, गालाच्या बाजूला थोडं दूध सोडायचं. गिळलं की थांबायचं, ढेकर काढायचा, मग पुन्हा. बाकीची पोरं पिऊन झोपून उठायची, आमचं चाललेलंच असायचं.

"ओठ शिवता येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण भूल सोसेल एवढं अंग हवं." वजनकाट्यावर त्यांनी लाल खूण केली. "काटा इथं आला की पुण्याला पाठवते. पण ही एक दिवस जरी उपाशी राहिली ना, तर सावरायची नाही."

बायका तिला ग्रहणाचं पोर म्हणायच्या. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर पोराचा ओठ फाटतो, असं आमच्याकडं मानतात. सुभद्रेनं ग्रहणात वांगं चिरलं, असं तिच्या सासूनंच चाळभर सांगितलं होतं. त्यामुळं दूध पाजायच्या सुट्टीला बाकीच्या बायका आत यायच्या, सुभद्रा यायची नाही. नळाच्या खोलीत वाटीत दूध काढायची आणि दारातूनच मला द्यायची. बायका मलाही टाळायला लागल्या. आपल्या पोरांना माझा हात लावू देईनात. मग मी आणि तानी कोपऱ्यात. दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. तानी बघायची तेवढंच.

काटा खुणेच्या जवळ आला आणि सूर्यग्रहण आलं. लागणार होतं संध्याकाळी, पण वेध सकाळपासून. वेधात खायचं-प्यायचं नाही. तान्ह्या पोरांना ही बंदी कुठंच नसते. पण सुभद्रेनं दारातूनच सांगितलं, "आक्का, आज हिला दूध नगं. सासूबाईंनी त्यांच्या गळ्याची आण घातलीया. हे ग्रहण कडक पाळलं तरच दोष जाईल म्हंत्यात."

"अगं, तान्हं पोर ते."

"मला न्हाई मोडता येत," म्हणाली आणि गेली.

डॉक्टरीणबाईंचा तो यायचा वार नव्हता. मी मेट्रनबाईंकडं गेले. पाळणाघर त्यांच्या ताब्यात होतं.

"आईनं नको म्हटलंय ना? मग नको," त्या म्हणाल्या. "उद्या काही झालं तर युनियन माझ्या दारात बसेल."

"आजच होईल की हो काहीतरी."

"तुम्हाला फार कळतं!"

मी परत येऊन बसले. तानी आधी रडली. मग नुसती कण्हली. मग गप्प झाली. रडणारं पोर परवडतं, गप्प झालेलं नाही. मी तिला उचललं आणि तडक बाटल्यांच्या खात्याच्या दाराशी गेले. आयांना तिथं जायची परवानगी नव्हती.

"ओ बाई, कुठं निगाला?" पहारेकरी ओरडला.

"तुझ्या लग्नाला. सुभद्रेला बोलव."

सुभद्रा आली. तिचं पोलकं दुधानं ओलं झालं होतं. मान फिरवून उभी राहिली. मी विचारलं, "खरं सांग. त्या ग्रहणात तू काय चिरलंस?"

"काय न्हाई."

"सासू तर वांगं म्हणते."

"आक्का, मला हलू तरी दिलं व्हतं का? अंधाऱ्या खोलीत उताणी पडून व्हते. पाण्याचा घोटसुदिक घेतला न्हाई. सासूबाई उशाशी बसून व्हत्या." एवढं बोलली आणि रडायला लागली. "पोर असं झालं, तवा कायतरी सांगाया पायजे म्हनून त्यांनी वांगं सांगितलं."

"म्हणजे तू कडक पाळलंस, तरी हे झालं."

"व्हय."

"मग आज पाळून काय होणार?"

तिनं पोरीकडं पाहिलं. पोरीनं डोळे उघडले नाहीत. सुभद्रा चालायला लागली, ती थेट पाळणाघरात. सगळ्या बायकांसमोर भिंतीला टेकून वाटीत दूध काढलं. कुणी तरी म्हणालं, "अगं, वेध लागलेत!" तिनं वर पाहिलं नाही. मी बोंडलं भरलं. पहिलं दूध गालावरून ओघळून गेलं. दुसरंही. नंतर गळा हलला.

ग्रहण मीही पाळायची. त्या दिवशीही पाळलं. माझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही आणि पोरीच्या पोटात दूध गेलं.

पुढं काटा खुणेवर आला. पुण्याला तानीचा ओठ शिवला. टाळूचं नंतर करू म्हणाले. सुभद्रेनं दुधाचं घरी कधीच सांगितलं नाही. बायकांनीही तोंड मिटलं, का ते मला ठाऊक नाही. सासू पेढे घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बगा, ग्रहन कडक पाळलं, दोष गेला."

मी पेढा घेतला. वाद घातला असता तर सुभद्रेलाच भोगावं लागलं असतं.

त्यानंतर तानीला सासू घरीच सांभाळायला लागली. पोरगी आता चारचौघांत दाखवण्यासारखी झाली होती. टाळूचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. बायका मात्र पोरांना माझा हात लावू देत नव्हत्याच. कोपरा तसाच राहिला, त्यात मी एकटी.

असं पोर घरात असेल तर ताठ बसवून, हळूहळू पाजावं. आणि उपास करायचाच असेल तर ज्यानं त्यानं आपल्या पोटाचा करावा.