चन्नप्पाच्या पत्रांतल्या गाळलेल्या ओळी

सातवीच्या वर्गावर भूगोल चालू होता. दाराशी चन्नप्पाचा धाकटा भाऊ मल्लू येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "मास्तर, अण्णा गेला," एवढंच म्हणाला. कारखान्यात नव्या मागाची जुळणी करता करता चन्नप्पा खाली बसला, तो उठलाच नाही. या गोष्टीला सहा आठवडे झाले. सहा आठवडे मी हे लिहायला बसतो आणि उठतो. चांगलं तेवढंच लिहायचं तर एका पानात होईल. पण जे लिहायला हवं त्यात मी आहे, आणि मी चांगला नाही...

भवानी पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो सातवीनंतर मिलमध्ये लागला, मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, आणि चन्नप्पा माझ्याहून जास्त अभिमानानं सांगायचा. एकाहत्तरच्या जनगणनेचं काम मला आलं तेव्हा पाळी सुटली की तो माझ्याबरोबर फिरायचा, कारण कानडी त्याच्या घरची आणि तेलुगू मागांवर बसून शिकलेली. एका चुलीवर जेवतील ते एक कुटुंब, हा नियम त्याला फार आवडला. वय विचारलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, "घाल की पन्नास!" बाहेर आल्यावर चन्नप्पा म्हणाला, "मास्तर, समदी पेठ पन्नाशीची हाय बघ. एकोणपन्नासचं कुणी न्हायच!" त्याच्या स्वतःच्या घरी त्याची आई, आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो, उंबऱ्यात उभी राहून बोटांवर मोजत होती. "एकोणीस. आन चूल एक. नीट लिही." त्या एकोणिसांत चन्नप्पा एकटा होता. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, दुसरं लग्न त्यानं केलं नाही. झोपायचा सोप्यात, दोन पुतण्यांच्या मधे.

पुढच्या वर्षी यंत्रांच्या एका व्यापाऱ्यानं त्याला माग जोडायचं काम शिकायला जर्मनीत, स्टुटगार्टला पाठवलं. दीड वर्ष. पत्रं माझ्या नावानं यायची आणि मीच ती अव्वाला वाचून दाखवायचो. पठ्ठ्यानं तिथं आपल्या इमारतीची जनगणनाच केली होती. मजल्यामजल्यानं लिहिलं होतं. "दारावर घंटी, घंटीवर नाव, नावामागं एकच माणूस. तिसऱ्या मजल्यावर चौऱ्याहत्तरची म्हातारी, चार खोल्या. वय तारखेसकट सांगते. लढाईत नवरे गेलेल्या अशा लई जणी हायत. तरणी पोरंबी एकेकटी ऱ्हातात. आख्ख्या इमारतीत पाळणा एक. मास्तर, तुझ्या तक्त्यात एका चुलीला इतक्या वळी असतात, हितं एकच भरंल." मी हे रंगवून वाचायचो. घर गोळा व्हायचं. अव्वा तोंडावर हात ठेवायची. "आन त्या म्हातारीला भाकरी कोण देतं? मेली तर कळायचं कुणाला?"

पण पत्रात एवढंच नव्हतं. "मला हितं एक खोली हाय," त्यानं लिहिलं होतं. "दार आतनं लावता येतं. रविवारी दिसभर मला कुणी हाक मारली न्हाय. खुर्चीत नुसता बसलो. जन्मात पहिल्यांदा मला माझं म्हणून काय तरी सुचलं." असं एकदा नाही, चार-पाच पत्रांत होतं. या ओळी मी गाळल्या. आईला कशाला दुखवायचं, असं मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर शिकलेला मी होतो, कुणी काय ऐकावं हेही मीच ठरवणार, असं मला वाटायचं.

तो परत आला. आल्यावर त्यानं एकच मागितलं. माळ्यावर सुताची पोती टाकायची खोली होती, तिला दार. जेवण खाली, चूल तीच, फक्त वर एक दार. अव्वा ताटावरून उठली. "दार? घरातल्या घरात दार? त्या म्हातारीगत मरायचंय तुला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. चन्नप्पाही. "मास्तर, सांग की हिला. तू समदं वाचलंयस." त्याला वाटत होतं, मी सगळं वाचून दाखवलंय. आणि मी म्हणालो, "अव्वा म्हणते त्यात चूक काय आहे?"

तो हसला. "बरं. ऱ्हाऊ दे." पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. मात्र शाळा सुटल्यावर तो माझ्या रिकाम्या वर्गात यायला लागला. मागच्या बाकावर अर्धा तास बसायचा. मला वाटायचं मला भेटायला येतो, म्हणून मी अखंड बोलायचो, पगारवाढ, निवडणूक, हेडमास्तर... पाच वर्षं. आता जीव तळमळतो. तिथंसुद्धा मी त्याला नुसतं बसू दिलं नाही.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पत्रं घेऊन अव्वाकडे गेलो आणि गाळलेल्या ओळी वाचल्या. एकेक, सावकाश. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"हे तवा का न्हाय वाचलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून, अव्वा."

"वाटलं असतं की. दोन दिस वाटलं असतं. मग सुताराला बोलावलं असतं."

बी.ए.चं एक पुस्तक यावर उपयोगी पडलं नाही.

परवा पुन्हा गेलो. खाली पोरांचा गोंधळ नेहमीसारखा. मल्लूची बायको म्हणाली, अव्वा वर आहे. माळ्यावरची पोती हलवली होती आणि चौकटीला नवंकोरं दार बसवलं होतं, अजून रंगही दिला नव्हता. आत चन्नप्पाचं कांबळं घडी घालून ठेवलेलं, शेजारी अव्वा. दुपारी तासभर ती तिथं बसते, तेव्हा कुणी हाक मारायची नाही, असं तिनं घरात सांगून ठेवलंय. मी बसलो, आणि सवयीनं सुरू झालो, चन्नप्पा असा होता, तसा होता...

"मास्तर," अव्वा म्हणाली, "लई बोलतोस तू. जा आता. आन जाताना दार वढून घे."

मी दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.