वाळूच्या देवीला घातलेलं पाणी

माझा देवीवर विश्वास आहे असं मी सगळ्यांना सांगायचे, पण खरं सांगायचं तर तो विश्वास नव्हता, व्यवहार होता. जन्मभर सुकी मासळी विकली, त्यामुळे समोर कोणीही असो, घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. चारोटीजवळच्या महालक्ष्मीशीही मी तेच केलं. लेक दीपा पहिल्या बाळंतपणाला डहाणूजवळच्या आगर गावी माझ्याकडे आली होती. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, डोकं दुखतंय म्हणून ती दिवस दिवस पडून राहायला लागली. "आई, दवाखान्यात जाऊया का गं?" तिनं दोनदा विचारलं. मी उडवून लावलं. "पाय सगळ्यांचेच सुजतात. तुझ्या वेळी मी शेवटच्या दिवसापर्यंत बोंबील वाळत घालत होते." आणि मनातल्या मनात देवीला नवस बोलून मोकळी झाले. पोरीला सुखरूप सोडव, मी अनवाणी गड चढून येईन, खणानारळानं ओटी भरेन. आपलं काम झालं, आता पुढचं तिनं बघावं, असं मला वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी आल्या, त्यांनी दीपाचं बीपी बघितलं आणि तडक रिक्षा बोलावली. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, इतके दिवस काय करत होतात?" बीपी फार चढलंय, झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. औषध सुरू केलं होतं. बीपी थोडं उतरलं की ऑपरेशन करायचं. नाही उतरलं तर लांबच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नाही. दीपाचे बाबा बोटीवर गेलेले, जावई तलासरीच्या कंपनीतून नुकते निघालेले. खाटेजवळ मी एकटीच होते आणि माझी लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी "दीपा" म्हटलं की ती डोळे मिटून घ्यायची.

दुपारी नर्सबाईंनी बाळासाठी मऊ कपडे आणायला सांगितले. मी बाटलीत पिण्याचं पाणी भरून घेतलं आणि बाजाराच्या रस्त्याला लागले. काम थांबलेल्या एका अर्धवट इमारतीपुढे माणसं गोळा झाली होती. रस्त्याच्या कडेला वाळूचा मोठा ढीग होता आणि त्या ढिगातून कमळावर बसलेली देवी वर आली होती. माझ्या खांद्याइतकी उंच. कानातली कर्णफुलं, साडीच्या निऱ्या, सगळं वाळूचं. आणि चेहरा इतका शांत की माझे पाय पुढे पडेनात. आमच्याकडे सांगतात, एक गरोदर बाई देवीचा गड चढताना कोसळली, तेव्हा तू आता वर येऊ नकोस म्हणून देवीच तिच्यासाठी खाली उतरली. ते आठवलं आणि मला भरून आलं.

त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. देवाला आंघोळ घातल्याशिवाय मी कधी चहासुद्धा घेत नाही, आणि त्या गडबडीत घरचे देव पारोसे राहिले होते. पुढे मी काय केलं ते सवयीनं केलं. बाटलीचं झाकण काढलं, हात जोडले आणि देवीच्या मस्तकावर पाण्याची धार धरली. लोक "ओ मावशी, ओ मावशी!" ओरडेपर्यंत कपाळाला ओघळ पडला, डावा डोळा वाहून गेला आणि अर्धा गाल माझ्या पायांशी येऊन पडला.

मी तिथंच फतकल मारून बसले आणि मोठमोठ्यानं रडायला लागले. दीपा गेली, देवीनं मला सांगितलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ती मूर्ती करणारी बाई ढिगामागून आली. चाळिशीची असेल, कोपरापर्यंत हात वाळूनं भरलेले, बोलण्यात गुजरातीची झाक. आता ही शिव्या देणार म्हणून मी मान खाली घातली. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. "काय झालं मासी? वाळूसाठी कोण एवढं रडतं?" मी हुंदके देत सगळं सांगितलं, नवसाचंही आणि सुजलेल्या पायांचंही. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या बाटलीत उरलेलं पाणी पडलेल्या वाळूवर शिंपडलं, ती वाळू मळली आणि देवीच्या गालावर लावली.

"अपशकुन बिपशकुन काय नाय मासी. पाणी जरा जास्त पडलं, एवढंच. पाण्याशिवाय तर ही उभी राहणारच नाय. या, हात लावा."

मी घाबरत हात लावला आणि सवयीनं दाबला. वाळूला लगेच चीर पडली.

"दाबू नका," ती म्हणाली. "तुमचा जोर नको तिला. नुसता हात ठेवा. आपोआप बसते ती."

मी नुसता हात ठेवला. गार, ओली वाळू हळूहळू माझ्या तळव्याखाली स्थिर झाली. किती वेळ गेला कोण जाणे. त्या वेळात मी देवीकडे काहीच मागितलं नाही. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

कपडे घेऊन मी दवाखान्यात परतले. खाटेवर बसले आणि दीपाच्या सुजलेल्या पावलांवर हात ठेवला. "तू मला दोनदा विचारलंस," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, बाळा." ती एकदम वळली, माझ्या कुशीत तोंड खुपसलं आणि "आई, मला खूप भीती वाटते गं" म्हणून लहानपणी रडायची तशी रडली. रडता रडता तिला झोप लागली. तासाभरानं नर्सबाईंनी बीपी बघितलं, पुन्हा बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या. ते औषधानंच उतरलं असेल, त्यासाठीच तर दिलं होतं. मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही. लगेच ऑपरेशन झालं, दीपा सुखरूप सुटली आणि दिवस मावळायच्या आत मला नात झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत.

चौथ्या दिवशी मी पेढे घेऊन त्या इमारतीपाशी गेले. बांधकाम पुन्हा सुरू झालं होतं आणि ती बाई स्वतःच्या हातानं फावड्यानं देवी उतरवत होती. मी म्हटलं, "अगं, राहू दे ना गं आणखी दोन दिवस!"

ती हसली. "वाळू घरमालकाची आहे मासी. मला कामापुरती दिलेली. आता भिंतींना लागेल."

सव्वा महिना झाला की दीपा बाळाला घेऊन सासरी जाईल, हे तेव्हाच मनात आलं. तीही माझ्याकडे कामापुरतीच दिलेली. देवीनं दिलेलं कधी परत मागितलं तर मी काय करेन, ते मला माहीत नाही. पण धरून ठेवायला माझ्या हातात जोर नाही आणि तो लागतही नाही, एवढं मला कळलं. डोळे भरून आले, आणि ते दुःखानं नव्हे.

पेढ्यांचा पुडा मी तिच्या पिशवीत ठेवला आणि पदर खोचला. तिनं वाळूनं भरलेलं घमेलं मी डोक्यावर घेतलं आणि भिंतीकडे चालू लागले.