मामाची कापसातली भटकंती

त्या वर्षांत अख्ख्या वऱ्हाडात कापूस न कळणारा एकच माणूस होता, आणि तो माझा मामा होता. बाकी साऱ्यांना कळत होता. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला की कालपर्यंत वांगी विकणारा माळी आज दलाल होऊन बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागला. कोणालाही विचारा, तो कापूस चिमटीत धरून, डोळे मिटून निकाल देई. मामाला विचारलं तर तो म्हणे, "मले नाई समजत बापा. पाहून राहिलो." पुढे शिकायला कोणता एक विषय धरावा असं तुम्ही रंगूनहून पत्रात विचारलंत, म्हणून आज हा मामा आठवला. क्रमाने सांगते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तो भातकुलीला थोरल्या भावाच्या गोठ्यात शिळ्या भाकरीवर राबत होता. आईने त्याला अमरावतीला आणलं. वडिलांचं कापसाच्या बाजारात आडतीचं दुकान होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी गादी झटकून दाखवली, "बस इथं. दोन महिन्यांत पारखी होशीन." मामाने गादीकडे आदराने पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, सारं गाव हिंडल्याबिगर घर कोठं बांधाचं ते कसं ठरवू?" एवढं बोलून तो जोडा घालून निघाला, तो हिंडायलाच. वडील लाल झाले. आईने मध्ये पडून पुढच्या अखजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागितली. "देतो," वडील म्हणाले, "पन अखजीले त्यानं एक काम धरलं नाई, तर गाडीत घालून भातकुलीले धाडीन. मंग त्याच्यासाठी तू एक शब्द टाकाचा नाई." आई म्हणाली, "नाई टाकनार." भातकुलीचा तो गोठा तिने डोळ्यांनी पाहिला होता.

मामाचं हिंडणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. ज्या कामाशी जाई त्याचा गडीच होऊन राही. वेचणीच्या दिवसांत बायकांच्या ओळीत ओटी बांधून कापूस वेचला. बायका हसून हसून बेजार झाल्या, आणि संध्याकाळी त्याची ओटी सगळ्यांत हलकी भरली, कारण प्रत्येक बोंड तो उलटून पाही. मग रेच्यावर बसला. लाकडाच्या दोन रुळांतून रुई एकीकडे आणि सरकी, म्हणजे बी, दुसरीकडे काढायचं ते यंत्र त्याने इतकं फिरवलं की भुवया पांढऱ्या झाल्या आणि तो घरात आला की आमचं मांजर शिंकू लागे. पुढे पिंजाऱ्याकडे. तिथे तो कान देऊन पिंजणाच्या तातीचा आवाज ऐकत बसे, आणि जेवताना हातातला घास थांबवून आईला सांगे, "बाई, ओली रुई बोलतच नाई वो!" गाडीवानांबरोबर तो अकोल्यापर्यंत गाठोड्यांवर झोपून गेला, तिथे रुई दाबण्याच्या पेचावर महिनाभर हमाली केली आणि एका कोष्ट्याच्या मागावर बसून त्याचं अर्धं लुगडं बिघडवलं. कोष्ट्याने त्याला हाकललं नाही. उलट परतताना बरोबर शिदोरी दिली. असं सगळीकडेच होई. इतकं मन लावून कोणी आपलं काम पाहतंय याचंच लोकांना अप्रूप वाटे.

बाजारात मात्र वडिलांची चेष्टा चाले. "काहून गा, तुमचे साळेबुवा आज काय हायेत? हमाल का पिंजारी?" वडील घरी येऊन ताट सरकवून देत. आई ते पुन्हा पुढे करी.

हिवाळा सरता सरता मामाला सूत कातणारी एक म्हातारी भेटली. "पयले सूत असं तुटत नव्हतं," ती म्हणाली. एवढ्या एका वाक्यावर माझा मामा उलट्या पावली निघाला. पिंजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, एकाच गाठोड्यात दोन जातींची रुई येते. तिथून पुन्हा रेच्यावर. रेच्यामागे गावोगावच्या सरकीचा एकच ढीग पडलेला. भावाच्या घाईत शेतकरी सगळा कापूस विकून टाकीत आणि पेरणीला त्याच ढिगातून पोतं भरून नेत. चांगली, हलकी, सारी एकत्र. आजवर घरचं बी घरात राखणाऱ्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सरकी ती सरकी, उरली तर ढोरांना.

अखजीच्या दिवशी जेवणं झाल्यावर वडिलांनी चार व्यापाऱ्यांसमोरच विचारलं, "मंग? काय धरलं?"

"सरकी," मामा म्हणाला.

व्यापारी इतके हसले की एकाच्या तोंडातलं पान बाहेर आलं. वडील हसले नाहीत. "सारी दुनिया रुई धरून राहिली आन तू ढोरांचं खानं धरतं?" दाराआड आई उभी होती. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की मला तिची बोटं रुतली.

मामाने वडिलांच्याच सर्वांत नावाजलेल्या मालातला मूठभर न रेचलेला कापूस मागवला. एकेक सरकी घेऊन तिच्यावरचे तंतू बोटांनी हळूहळू दोन्ही बाजूंना विंचरले, पोरीच्या केसांचा भांग पाडावा तसे, आणि काळ्या घोंगडीवर मांडत गेला. एक लांब. एक आखूड. पुन्हा आखूड. मग लांब. घोंगडीवर पांढरी फुलपाखरं बसल्यासारखी दिसू लागली. "हे एका घरचे नाईत, भाऊजी. म्हनून सूत तुटते. तुमी कापूस पायता तो इथं आल्यावर. तो बिघडून राहिला पेरतानी."

वीस वर्षं कापूस पारखलेले माझे वडील गुडघ्यांवर वाकले. त्यांनी स्वतः एक सरकी विंचरली, मग दुसरी. शेवटी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती वावर लागन तुले?"

माझ्या खांद्यावरची बोटं सुटली. आई स्वयंपाकघरात गेली आणि सकाळपासून उपाशी होती ती आत्ता जेवायला बसली.

नांदगाव पेठेच्या वाटेवरचं एक वावर मामाला मिळालं. कापसाची सारी वाट पायाखाली घातलेला तो माणूस पुढे चाळीस वर्षं त्या वावराबाहेर फारसा गेला नाही. ओळीत भलतं झाड दिसलं की उपटी, आवडलेल्या झाडाला चिंधी बांधी आणि त्याचंच बी राखी. पुढे लढाई संपली, भाव कोसळले, शिंगांवरची चांदी उतरली; मग चांगल्या मालालाच गिऱ्हाईक उरलं आणि चेष्टा करणारेही मामाच्या ओसरीवर बियाण्यासाठी येऊन बसू लागले. तो कोणालाच टोचून बोलला नाही. त्याच्या ते लक्षातच नसावं.

मी शेवटची भेटले तेव्हा त्याची नजर गेली होती. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून तो सरकी बोटांनी चाचपत होता. "मामा, आता तर सारं समजलं ना?" मी गमतीने म्हटलं. तो गंभीरपणे विचार करून म्हणाला, "आता कोठं वळख होऊन राहिली, पोरी." मग वावराकडे तोंड वळवून त्याने विचारलं, "फुलं पिवळी हायेत का गुलाबी पडली?" मी सांगितलं, इथली गुलाबी झालीत. "आन पल्याडच्या तासातली, त्या ओळीतली? जाय बरं, पाहून ये."

मी गेले. परत येऊन सांगेपर्यंत तो ऐकण्यासाठी मान कलती करून बसला होता.