'सावध राहा' म्हणणारे सर

"चित्र सुंदर आहे ना? मग सावध राहा," असं म्हणून सर चष्म्यावरून आमच्याकडे संशयाने बघायचे. जणू ते चित्र आम्हीच कुठून तरी ढापून आणलंय.

सर इकडे परदेशात, हिल्सबरोला आमच्या शेजारी लेकीकडे राहायचे. आर्ट स्कूलमध्ये शिकवून रिटायर झालेले. कुठल्या, असं विचारलं की "आता काय करायचंय ते?" म्हणत विषय बदलायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला तर शंकाच यायची.

दर शनिवारी सकाळी मी त्यांना हेन्डरसनच्या लायब्ररीत सोडायचे. तिथे ते आपल्या मराठी मंडळींना चित्रं समजावून सांगत. चित्रकार मात्र एकच. दोनशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच, ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखी कोरीव माणसं रंगवणारा.

"आधी राजासाठी चित्रं काढली. क्रांती झाल्यावर त्याच राजाच्या मृत्युदंडाला मत दिलं. मग सम्राट आला, तर त्याचा राज्याभिषेक रंगवला! शेवटी परक्या देशात मेला. हात सोन्याचा होता हो, म्हणून तर राग येतो."

"सर, सोडा की आता त्याला," असं कुणी म्हटलं तरी सरांचा खटला चालूच.

एका शनिवारी टाकानिनीहून एक इंजिनिअर आला. शेवटी सरांपाशी जाऊन म्हणाला, "तुम्ही माझ्या बाबांबरोबर शिकवायचात ना? ते शिल्पकला शिकवायचे. सध्या इकडेच आहेत."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही. तुमची काहीतरी गफलत होतेय."

परतताना मी गाडीत विचारलंच, "सर, खोटं बोललात ना?"

ते खिडकीबाहेर बघतच बोलू लागले.

"प्रिन्सिपॉलला तो शिल्पकार नको होता. त्याने स्टोअरमधलं सामान चोरलं, असा कागद तयार केला. साक्षीदार म्हणून सही माझी. मी काहीही पाहिलं नव्हतं गं. त्याची नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात मी प्रिन्सिपॉलचं पोर्ट्रेट केलं." मग म्हणाले, "चांगलं झालं होतं."

पुढच्या शनिवारी घरच्या झाडाच्या फिजोआ फळांची पिशवी घेऊन तेच गाडीत बसले. "टाकानिनीला चल. त्या इंजिनिअरचा पत्ता घेतलाय मी लायब्ररीतून."

दार त्या म्हाताऱ्या शिल्पकारांनीच उघडलं. सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मी खोटी सही केली होती."

"माहीत आहे."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"तू आपणहून सांगतोस का, ते बघत होतो." त्यांनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पण आजच का आलास? डॉक्टर काही म्हणालेत का?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. मला त्यांच्या आजाराचं काहीच ठाऊक नव्हतं.

शिल्पकारांनी पिशवी हातात घेतली. "बूट काढून ये. सुनेने आत्ताच पुसलंय."

त्यानंतरचे शनिवार सर टाकानिनीलाच जात. इकडे हिवाळा जुलैत; त्या थंडीत सर वारले.

नंतर मी भेटायला गेले, तेव्हा शिल्पकारांनी मला गराजमध्ये नेलं. ओलं फडकं बाजूला केलं. मातीत सरांचा चेहरा होता, मान थोडी खाली झुकलेली.

"सरळ करता आली असती," ते म्हणाले. "पण मग तो वाटला नसता."

त्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि हलक्या हाताने सरांच्या डोक्यावर पांघरलं.