माझ्या भावानं तपासलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं होतं ते आक्काला — फक्त तिलाच — आणि ती आता नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे यातही धैर्य असं काही नाहीच.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. आक्कानं नववीत शाळा सोडली आणि कल्याण पूर्वेच्या आमच्या चाळीत, एका खोलीत, शिलाई मशीन चालवून मला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. मी पुस्तकात डोकं घालून बसलेला, शेजारी तिच्या मशीनचा आवाज. मला नोकरी लागली तेव्हा तिनं दारोदार जाऊन माझं काम समजावून सांगितलं. "आमचा अशोक लोकांच्या खाण्यातलं विष शोधतो." माझं काम इतक्या सोप्या शब्दांत मला स्वतःला कधी सांगता आलं नाही.

नोकरी मानपाड्याजवळ एमआयडीसीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत. सॉसेज, सलामी, गोठवलेले कबाब असले पदार्थ तपासायला यायचे. त्यांच्यामुळे जनुकांना इजा होते का, हे पाहायचं. त्यासाठी एक जिवाणू असतो. त्याच्या जनुकात अशी एक खोट असते की एका ठरावीक अन्नघटकाशिवाय तो वाढूच शकत नाही. मांसाचा अर्क आणि हा जिवाणू एका प्लेटवर घालायचे. तो घटक नसतानाही प्लेटवर ठिपके उठले, म्हणजे जिवाणू वाढला, तर समजायचं की अर्कातलं काहीतरी त्याच्या जनुकात बदल घडवतंय. थोडे ठिपके आपोआपही येतात. म्हणून शेजारी अर्क न घातलेली प्लेट ठेवायची आणि दोन्हीकडचे ठिपके मोजायचे. मोजायचो मी. सहीही माझीच.

कंपन्या नमुने नेहमी गरजेपेक्षा जास्त पाठवायच्या. न फोडलेली पाकिटं आम्ही घरी वाटून न्यायचो — चुकीचं होतं, पण सगळेच न्यायचे. मी आक्काकडे नेत असे. दारात पाऊल टाकलं की ती ओरडायची, "आलं आमचं सायंटिस्ट! आज कुणाला पास केलंस रे?" मग कांदा-मिरचीवर सॉसेज परतायची आणि पावात घालून आधी मला द्यायची.

आता त्या एका सॉसेजचं सांगतो. इतका वेळ मी तिथेच यायचं टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याच्या प्लेटवर ठिपके फार आले. पुन्हा केलं — पुन्हा तेच. साहेबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मांसात तो घटक मुळातच असतो. अर्कात उतरला असेल, त्यावर वाढले. जनुकांचा काय संबंध?" हे खरं असू शकतं. मांसाच्या बाबतीत असं होतं, हे मीही शिकलो होतो. पण ते ताडून बघायची रीतही मला येत होती: जिवाणू काही वेळ अर्कात ठेवायचे, स्वच्छ धुऊन काढायचे आणि मग प्लेटवर घालायचे. आणखी एक आठवडा लागला असता. अहवाल सोमवारी द्यायचा होता.

साहेबांनी मला धमकावलं का? नाही. आठवडा मागितला असता तर कुरकुरत का होईना, दिलाही असता. मी मागितलाच नाही. मी अर्क पातळ केला. ठिपके उतरले. पहिल्या दोन्ही वेळच्या निकालांपुढे वहीत लिहिलं — 'बाहेरचा जंतुसंसर्ग, बाद'. संसर्ग झालाच नव्हता. अहवालात लिहिलं, 'जनुकांना इजा करणारा परिणाम आढळला नाही'. आणि खाली माझी ती वळणदार सही, आक्काला आवडायची ती.

तो माल दुकानात आला. मी ते खाणं सोडलं. आक्काला सांगितलं, अ‍ॅसिडिटी आहे. आक्का मात्र पैसे देऊन तेच सॉसेज आणू लागली, तेच आणि तेवढंच. चाळीत सांगायची, "बिनधास्त घ्या गं, माझ्या भावानं तपासलंय." काही वर्षं हे चाललं. मी तिच्यासमोर बसून नुसता पाव खायचो. एका वाक्याचं काम होतं — आक्का, ते आणू नकोस. मग तिनं विचारलं असतं, का रे? या 'का'ला मी भीत होतो. तिच्या पोटापेक्षा तिच्या नजरेतला अशोक मला जास्त जपायचा होता.

मग तिला आतड्याचा कॅन्सर निघाला.

सॉसेजमुळे झाला असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. प्लेटवरचा जिवाणू म्हणजे माणूस नव्हे — आणि बघा, अजूनही मी कशाच्या आड उभा आहे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, खाण्यापिण्यात काय असतं? आक्का हसली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आमच्याकडे सगळं तपासलेलंच असतं. हा बसलाय ना." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमधले कागद नीट लावत राहिलो.

परतताना खोपटच्या डेपोत एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो, अर्धा तास तरी. तिनं माझ्या खांद्याला खांदा लावला. "डॉक्टरला कसं गप्प केलं बघ!" मी म्हटलं, "बस आली का बघतो," आणि उठलो. बस आलेली नव्हती.

तिच्या जलदान विधीला अख्खी चाळ जमली होती. पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. तेही हात जोडून सगळ्यांबरोबर म्हटलं. जेवणं उरकल्यावर शेजारच्या शोभावहिनी चहा घेऊन आल्या. "दादा, एक विचारू? आमची पोरं अजून तेच सॉसेज मागतात, ताई आणायच्या ते. चांगलंय ना? आता विचारायचं तर तुम्हालाच."

तोवर मी ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. साहेब नव्हते, सोमवार नव्हता. 'का' विचारणारी आक्काही नव्हती. भ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

मी म्हटलं, "हो वहिनी. चांगलं आहे."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "ताईसुद्धा हेच सांगायच्या," त्या म्हणाल्या.