‘नैसर्गिक’ खोडणारा शरद

शरद गेल्याचा त्याच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर रुसलेलोच होतो. दीड महिना झाला, अजून तेच डाचतंय… भांडण मिटवायचं राहून गेलं.

शरद उरण तालुक्यात तलाठी होता. वादळवाऱ्याने कुणाचं नुकसान झालं की पंचनामा करायचा आणि कारणाच्या रकान्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहायचं, यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन तो पनवेलला आमच्या शेजारच्या इमारतीत आला, तरी जुन्या ओळखीने उरणजवळच्या करंजा गावची कोळी माणसं अर्ज लिहून घ्यायला येत. ऐन थंडीत पाऊस कोसळून वाळत घातलेले बोंबील कुजले, तेव्हा त्यांच्यातली हिराबाई आली. पेन कारणापाशी पोचताच म्हणाली, “भाऊ, ह्यो असा पाऊस आमच्या आयनं पन कवा बगला नाय. निसर्गावर कशाला ढकलता? करनारा कोनतरी हाय ना?” मग शरद महिनोन्महिने हवामान का बिघडतंय ते वाचत बसला आणि एक दिवस त्याने ‘नैसर्गिक’ हा शब्द खोडला. तेल-कोळसा विकणाऱ्या कंपन्यांनी भरपाईत वाटा उचलावा, असा करंजाच्या लोकांचा दावा तो तयार करू लागला.

मी जन्मभर एका तेल कंपनीत नोकरी केलेला. “तुझी स्कूटर काय ताकावर चालते?” असं चिडवायचो. “पेट्रोल मीही जाळलं,” तो म्हणाला. “पण पुढे काय होणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हा कंपनीवाल्यांना माहीत होतं?”… होतं. समुद्र तापेल, पावसाचा नेम राहणार नाही, असं एक टिपण आमच्या टेबलांवरून फिरलं होतं. ‘पाहिले’ अशी सही करून मीच ते फायलीला लावलं होतं. हे मी बोलून गेलो आणि फसलो. “लिहून दे,” शरद म्हणाला. पेन्शनच्या धास्तीने मी उलट त्याच्यावरच भडकलो आणि जाणं-येणं बंद केलं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. हिराबाई आधीच येऊन बसली होती. “भाऊ गेले म्हून दावा नाय थांबायचा,” म्हणाली. वहिनींनी मला त्याच्या टेबलापाशी नेलं. कागद नीट लावलेले, साक्षीदारांच्या यादीत शेवटी माझं नाव, पेन्सिलने. “मी म्हटलं होतं, काढून टाका ते,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणाले, येईल तो.” खुर्चीतली उशी अजून त्याच्या बसण्याने दबलेली होती. मी बसलो, त्याचंच पेन उचललं आणि पहिलं वाक्य लिहिलं: आम्हाला माहीत होतं. खाली पूर्ण नाव घातलं, जुन्या हुद्द्यासकट.